स्वभावच चिंतेचा असेल तर: नकारात्मक भावना हाताळण्याची टप्प्याटप्प्याने पद्धत

धास्ती, चीड, अपमान, खंत या भावना यायच्या तेव्हा येतातच. त्यांचा पहिला झटका किती जोरात बसणार हे बऱ्याच अंशी स्वभावावर ठरतं, आणि तो बसत असताना फारसं काही करता येत नाही. पुढच्या दोन-चार तासांत माणूस त्या भावनेचं काय करतो, हे मात्र शिकून बदलता येतं. ज्यांचा पिंड मुळात काळजीचा, हळवा किंवा चटकन भडकणारा आहे, त्यांचा जास्तीत जास्त त्रास याच नंतरच्या तासांत तयार होतो. म्हणून इथे सांगितलेली बहुतेक मेहनत तिथेच करायची आहे.

मानसशास्त्रात या स्वभावाला न्यूरॉटिसिझम म्हणतात. हान्स आयसेंक यांनी १९४७ मध्ये व्यक्तिमत्त्वाची एक मूलभूत बाजू म्हणून त्याची मांडणी केली. पुढे पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांनी त्याचे सहा पैलू वेगळे केले: चिंता, चिडखोरपणा, उदासी, लोकांच्या नजरेचं सतत भान, ऊर्मी आवरता न येणं आणि ताण आला की गळून जाणं. हे सहा पैलू नीट पाहायला हवेत, कारण चाचणीत एकूण गुण सारखे मिळालेली दोन माणसं अगदी वेगळी वागतात. एक रात्रभर कुशी बदलते, दुसरी जेवणाच्या ताटावरून उठून जाते. पहिलीचा उपाय दुसरीला लावला तर तो फुकट जातो.

हा आजार नाही. उंचीसारखा हा स्वभावही प्रत्येकात कमी-जास्त असतोच. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतला या बाबतीतला फरक सुमारे ४० ते ५० टक्के आनुवंशिक असतो. तेव्हा ‘आमच्या आईसारखंच माझं होतं’ हे निरीक्षण बहुधा खरं असतं; त्यावरून ‘म्हणजे आता काही होणार नाही’ असा निष्कर्ष काढणं मात्र चूक. चाचणी भरून पाहायची असेल तर लुईस गोल्डबर्ग यांच्या मुक्त प्रश्नसंग्रहावर आधारलेल्या प्रश्नावल्या विनामूल्य मिळतात. ती भांडणाच्या किंवा निकालाच्या दिवशी भरू नका. साध्या दिवशी, गेल्या काही वर्षांतलं आपलं वागणं डोळ्यांसमोर ठेवून भरा. नाहीतर स्वभावाऐवजी त्या दिवसाचा मूड मोजला जातो.

साखळी कुठे कुठे घट्ट होते

१९९१ मध्ये नायल बोल्जर आणि एलिझाबेथ शिलिंग यांनी ३३९ जणांना सहा आठवडे रोजची डायरी भरायला लावली. अशा स्वभावाच्या लोकांच्या वाट्याला ताणाचे प्रसंग थोडे जास्त आले, हे खरं. पण त्यांचा मनस्ताप वाढण्यात प्रसंगांच्या संख्येपेक्षा प्रसंगाला मिळणाऱ्या प्रतिक्रियेचा वाटा दुप्पट होता. २००५ मध्ये जेरी सल्स आणि रेने मार्टिन यांनी अशाच संशोधनावरून एकात एक अडकलेल्या कड्या दाखवल्या. ताणाचे प्रसंग जास्त येतात, त्यातही भांडणं अधिक. संदिग्ध गोष्टीत धोका दिसतो. झटका जोरात बसतो. सकाळचा मूड संध्याकाळपर्यंत पाझरत राहतो. आणि पाचवी कडी सर्वांत जाचक: जुनीच अडचण पुन्हा आली की तिची सवय होण्याऐवजी ती जास्त लागते. म्हणूनच ‘एवढ्याशा गोष्टीवरून काय’ हे बाहेरच्याचं म्हणणं आतल्या माणसाला पटत नाही. त्याच्यासाठी ती आजची एक गोष्ट नसते, आधीच्या साऱ्या वेळा तिच्यासोबत येतात.

पहिला टप्पा: दोन आठवड्यांची नोंद

उपाय निवडण्याआधी आपली कोणती कडी सर्वांत घट्ट आहे ते कळायला हवं. त्यासाठी १४ दिवस रोज दोन ते तीन नोंदी पुरतात. प्रत्येक नोंदीत सहा गोष्टी लिहा: वेळ आणि जागा, काय झालं, भावना आणि तिची तीव्रता ० ते १० मध्ये, त्या क्षणी मनात आलेलं वाक्य, मी काय केलं, आणि तासाभराने तीव्रता किती. शेवटी प्रत्यक्षात काय निघालं ते नंतर भरा. अशी एक नोंद पाहू:

सकाळी ११.१५, ऑफिस. साहेबांचा मेसेज, ‘संध्याकाळी भेटून जा.’ धास्ती ७, पोटात गोळा. मनात: परवाच्या फाइलमधली चूक सापडली. केलं: जुने ईमेल तीनदा वाचले, शेजारच्याला ‘तुला काही बोलले का?’ विचारलं, डबा अर्धा परत नेला. १२.१५ ला धास्ती ८. प्रत्यक्षात: पुढच्या आठवड्यातल्या रजांचा तक्ता हवा होता.

सव्वाअकरा ते सव्वाबारा या तासात नवीन काहीच घडलेलं नाही. तरी धास्ती ७ वरून ८ वर गेली. ती वाढवली ईमेल पुन्हा पुन्हा वाचण्याने आणि शेजाऱ्याला विचारण्याने. नोंदवही ठेवायची ती हा एक तास दिसावा म्हणूनच.

नोंदीत तीन चुका हमखास होतात. रात्री झोपताना सगळा दिवस एकदम लिहिला जातो. तेव्हाचा मूड दिवसभराच्या आठवणींना आपला रंग देतो, म्हणून प्रसंगानंतर तासाभरात, मोबाइलमध्ये का होईना, लिहा. दुसरी चूक पानंच्या पानं लिहिण्याची. पाच-सहा ओळींच्या पुढे गेलं की नोंद संपून उगाळणं सुरू होतं. तिसरी म्हणजे फक्त वाईट प्रसंग टिपणं. धास्ती ६ वर जाऊन आपोआप ३ वर आली, अशी वेळही टिपा. त्या वेळी तुम्ही काय केलंत, किंवा काय केलं नाहीत, हे पुढे फार उपयोगी पडतं.

१४ दिवस झाले की ‘मी काय केलं’ एवढाच रकाना सलग वाचा. बहुतेकांना तिथे एखाद-दोन गोष्टीच सारख्या सापडतात: उगाळणं, टाळणं, दुसऱ्याकडून खात्री करून घेणं किंवा तोडून बोलणं. पुढच्या टप्प्यांपैकी आपल्याला लागू पडणारा आधी घ्या. सगळे एकदम सुरू करणारे सहसा आठवडाभरात सगळे सोडून देतात.

दुसरा टप्पा: पहिली दहा मिनिटं

तीव्रता ७ च्या वर असताना स्वतःशी वाद घालायला जाऊ नका. त्या वेळी मन युक्तिवाद ऐकत नाही, उलट प्रत्येक युक्तिवादातून नवा धोका शोधतं. आधी शरीराकडे लक्ष द्या. नाकाने ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर. मिनिटाला ६ श्वास, अशी ५ मिनिटं. श्वास संथ हवा, मोठा नको. जोरजोरात छाती भरून श्वास घेतले तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि घाबरलेला माणूस ‘हे काय नवीन’ म्हणून आणखी घाबरतो. पोटावर हात ठेवून तो हलकासा वर-खाली होतो आहे एवढंच पाहा.

श्वासाचा उपाय फसण्याचं मोठं कारण वेगळंच असतं. ‘गेली का धास्ती?’ असं दर अर्ध्या मिनिटाला तपासत केलेला श्वास हाही धास्तीवर पहाराच. इथे भावना घालवायची नाहीये. पुढची कृती दहा मिनिटं लांबवता आली, की हा टप्पा जमला.

मग भावनेला नेमकं नाव द्या. मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवलं की भावनेला शब्द दिले की अमिग्डाला या, धोका जाणवताच जागा होणाऱ्या मेंदूतल्या भागाची हालचाल मंदावते. ‘कसंतरी होतंय’, ‘टेन्शन आलंय’ एवढ्याने भागत नाही. पुढे काहीतरी होणार आहे असं वाटतं ती धास्ती. तिथे माहिती काढायची किंवा तयारी करायची. कुणीतरी मर्यादा ओलांडली असं वाटतं ती चीड; तिथे बोलायचं असतं, पण वेळ पाहून. काही गमावलं ती खंत. तिला उपाय नसतो, सोबत लागते. चारचौघांत खाली पाहावं लागलं ते ओशाळणं. तिथे तोंड लपवलं की ते वाढतं. एका प्रसंगात दोन भावना असू शकतात, दोन्ही लिहा. चिडीखाली ओशाळणं दडलेलं असणं फार नेहमीचं आहे, आणि तेव्हा कितीही भांडलं तरी मन निवत नाही.

तिसरा टप्पा: काळजीला ठरलेली वेळ

काळजी करूच नकोस, हा सल्ला स्वभावाने काळजी करणाऱ्याला उलटाच लागू पडतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं, तर अस्वल वारंवार डोकावत राहिलं आणि बंदी उठल्यावर जास्तच आलं. दडपण्यापेक्षा पुढे ढकलणं जमतं. थॉमस बोरकोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेली पद्धत अशी आहे.

रोज ३० मिनिटांची वेळ ठरवा, समजा संध्याकाळी ६.३० ते ७. जागाही ठरलेली हवी: एक विशिष्ट खुर्ची चालेल, पलंग किंवा देवघराचा कोपरा नको; जिथे विसावा हवा तिथे काळजीची सवय लावू नये. झोपेच्या आधी निदान दोन-तीन तास मोकळे राहावेत. दिवसभरात काळजी आली की तीन-चार शब्दांत चिठ्ठीवर लिहा, ‘बाबांचा शुगर रिपोर्ट’, ‘हॉलचं ॲडव्हान्स’, आणि हातातल्या कामाकडे परत या. ती पुन्हा येईल, पुन्हा चिठ्ठी दाखवा. पहिल्या आठवड्यात तासात दहा वेळा असं करावं लागलं तरी ते अपयश नव्हे.

ठरलेल्या वेळी चिठ्ठी वाचा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: यावर येत्या २४ तासांत माझ्या हातात काही आहे का? असेल तर काय, कधी, कुठे ते लिहा. ‘रिपोर्टचं बघायला हवं’ हे लिहिणं पुरेसं नाही. ‘उद्या १० वाजता लॅब उघडली की फोन करीन’ असं हवं. पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनात वेळ आणि जागेला बांधलेले बेत साध्या निश्चयापेक्षा जास्त तडीला गेले. हातात काहीच नसेल तर ती ओळ तशीच ठेवा आणि उरलेला वेळ बिनधास्त काळजी करा. गजर वाजला की उठा.

ही पद्धत बिघडते ती चांगल्या दिवशी. ‘आज बरं वाटतंय, राहू दे’ म्हणून बैठक दोन-तीनदा चुकली, की पुढे ढकललेल्या काळजीला आपली पाळी येणार यावर मनाचा विश्वास उरत नाही, आणि ती दुपारी दोनलाच पुन्हा दार ठोठावते. चिठ्ठी कोरी असली तरी निदान पाच मिनिटं बसा.

चौथा टप्पा: उगाळणं ओळखणं

काळजी पुढचं पाहते, उगाळणं मागचं. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी १९९१ पासून याचा सातत्याने अभ्यास केला आणि उगाळण्याने उदासी लांबते, हे दाखवून दिलं. त्यातली फसवणूक अशी की ते विचार करण्यासारखंच वाटतं. कसोटी सोपी आहे: दहा मिनिटांनंतर हाती एखादा निर्णय किंवा नवी माहिती आली का? नसेल तर तो विचार नव्हता.

उगाळण्याचे प्रश्न ‘का’ने सुरू होतात. माझ्याच बाबतीत असं का होतं? ती तशी का बोलली? एडवर्ड वॉटकिन्स यांच्या कामातून दिसतं की हेच प्रश्न ठोस केले तर मन मोकळं व्हायला मदत होते. ‘ती तशी का बोलली’ ऐवजी ‘ती नेमकं कोणतं वाक्य बोलली, त्याआधी मी काय म्हटलं होतं, आणि पुढच्या वेळी माझं पहिलं वाक्य काय असेल’. जोडीला ईथन क्रॉस यांची युक्ती वापरा: ‘मी’ न म्हणता स्वतःला नावाने हाक मारून ‘तू’ने बोला, जवळच्या मैत्रिणीला विचारावं तसं. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण आरशासमोर उभं राहायची गरज नाही; मनातल्या मनात केलं तरी चालतं.

पाचवा टप्पा: वाक्य तपासणं

तीव्रता ५-६ वर आली की मनातलं वाक्य तपासायला घ्या. यासाठी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे अविवेकी विचार तपासून बदलण्याची पद्धत) ही पद्धत मराठी वाचकांना जवळची आहे, कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. एलिस यांचं म्हणणं, माणसाला प्रसंग जितका छळतो त्याहून जास्त त्याचा हट्ट छळतो. नोंदवहीत चार जागा शोधा: ‘झालंच पाहिजे’, ‘भयंकर आहे’, ‘सहनच होत नाही’, ‘म्हणजे मीच नालायक’.

वरच्या उदाहरणातला हट्ट होता, ‘साहेब माझ्यावर नाराज असताच कामा नयेत.’ त्याच्या जागी ‘सगळं छान होईल’ लिहिण्याचा मोह होतो. ते मनाला पटत नाही, आणि पटलं तरी पहिल्या वाईट बातमीला कोसळतं. पर्यायी वाक्यात वाईट शक्यता मान्य केलेली हवी: ‘ते नाराज नसावेत असं मला मनापासून वाटतं. असले तर त्रास होईल, पण तो सोसता येईल, आणि चूक असलीच तर उद्या दुपारपर्यंत ती दुरुस्त करता येईल.’ हे वाचून धास्ती ६ वरून ३-४ वर आली तर काम झालं. शून्याची अपेक्षा धरू नका. चूक झाली असण्याची शक्यता असताना थोडी काळजी वाटणं योग्यच आहे.

सहावा टप्पा: टाळणं आणि खात्री करून घेणं

हे दोन्ही तात्काळ आराम देतात, म्हणूनच सुटत नाहीत. फोन उचलला नाही की हायसं वाटतं आणि पुढचा फोन आणखी जड होतो. ‘रागावला नाहीस ना?’ विचारून ‘नाही’ ऐकलं की पंधरा मिनिटं बरं जातं, मग ‘पण आवाज वेगळाच होता’ सुरू होतं. आजारांची लक्षणं मोबाइलवर शोधत बसणं हाही खात्री करून घेण्याचाच प्रकार.

टाळण्यासाठी पायऱ्या करा. सोसायटीच्या सभेत बोलायची भीती असेल तर तीव्रतेप्रमाणे लिहा: सभेत पुढच्या रांगेत बसणं (३), सेक्रेटरींना सभेनंतर एक प्रश्न विचारणं (४), सभेत ‘मला हे मान्य आहे’ एवढंच म्हणणं (५), लिहून आणलेला एक मुद्दा वाचणं (६), न लिहिता बोलणं (८). एक पायरी तीन-चार वेळा करून झाली आणि तिची तीव्रता निम्म्यावर आली की वरची घ्या. पायरीवर असताना भीती ऐन भरात आली आणि तेव्हाच उठून गेलात, तर भीतीच पक्की होते; ती थोडी ओसरेपर्यंत थांबा. मोबाइलमध्ये डोकं घालून बसणं हेही निघून जाण्यासारखंच.

खात्री मागण्याबाबत घरच्यांशी आधी ठरवून घ्या. एकच प्रश्न एकदाच विचारायचा. दुसऱ्यांदा विचारला तर समोरच्याने शांतपणे म्हणायचं, ‘याचं उत्तर मी मघाशी दिलंय. चल, चहा घेऊ.’ हे आधी न ठरवता केलं तर तुसडेपणा वाटतो आणि त्यावरून नवं भांडण होतं. घरच्यांनी ‘एवढं काय टेन्शन घेतेस’ म्हणणंही सोडावं. ‘हे तुला जड जातंय, दिसतंय मला’ एवढं म्हणून गप्प बसलेलं जास्त उपयोगी पडतं.

चिडीचं वेगळं

चिडखोरपणा हा ज्यांचा मुख्य पैलू आहे त्यांना अनेकदा ‘आतलं बाहेर काढ’ असं सांगितलं जातं. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगला ठोसे मारणारे लोक काहीच न करणाऱ्यांपेक्षा जास्त संतापलेले निघाले. उशीला गुद्दे मारू नका, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला लांबलचक मेसेजही नको. लिहायचाच असेल तर व्हॉट्सॲपमध्ये न लिहिता नोंदवहीत लिहा, जिथे पाठवायचं बटणच नाही. सकाळी वाचून त्यातली एक मागणी बाहेर काढा: ‘पुढच्या वेळी पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगा.’ आणि ती दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष बोला. न बोलता गिळलेली मागणी महिन्याभराने दुसऱ्याच विषयावर फुटते.

एका प्रसंगाचा मूड दुसऱ्यात शिरू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये १०-१५ मिनिटांची मोकळी जागा ठेवा: स्टेशनवरून घरी चालत या, किंवा दारात पाऊल टाकण्याआधी जिन्यात थोडं थांबा. झोपेची वेळ पाळता आली नाही तरी उठण्याची वेळ एकच ठेवा; अपुऱ्या झोपेनंतरचा दिवस या स्वभावाला फार महागात पडतो.

किती दिवसांत, आणि डॉक्टरांकडे केव्हा

ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०७ अभ्यास एकत्र तपासले. उपचारांचा सरासरी काळ २४ आठवडे होता, आणि व्यक्तिमत्त्वाच्या सगळ्या बाजूंमध्ये सर्वांत जास्त फरक भावनिक स्थैर्यात पडलेला होता. तेव्हा सहा महिन्यांचा हिशेब धरा. पहिल्या दीड-दोन महिन्यांत भावना कमी येतील अशी वाट पाहू नका. ७ चा झटका ३ वर यायला किती वेळ लागतो ते मोजा. चार तासांचे दोन तास झाले की दिशा बरोबर आहे.

दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ उदास जात असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, कामावर जाणं जमत नसेल, किंवा धडधड होऊन अचानक भीतीचे झटके येत असतील, तर स्वतःच प्रयोग करत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सोबत थायरॉईडची तपासणी करून घ्या, कारण थायरॉईड वाढला की धडधड, चिडचिड आणि हात थरथरणं हे सारं चिंतेसारखंच दिसतं. जगणं नको वाटण्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही: घरातल्या एकाला लगेच सांगा आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी टेली मानस सेवेला १४४१६ वर फोन करा, ती २४ तास, विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं.

पहिल्या भेटीला १४ दिवसांची नोंदवही घेऊन जा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक आणि झोपेच्या गोळ्यांसकट, लिहून न्या. डॉक्टरांनी ‘काय त्रास होतो?’ विचारलं आणि शब्द सुचले नाहीत, तर ‘मी काय केलं’ या रकान्यात सर्वांत जास्त वेळा आलेली गोष्ट वाचून दाखवा.